पेशन्स गलबतावरची लाकडी तोफ

मी एक जुनी तोफ आहे. हे ऐकून तुम्ही दोन पावलं मागे सरला असाल, तर मित्रांनो, पुन्हा जवळ या. माझ्या पोटात आजवर चिमूटभरही दारू गेलेली नाही. मी लाकडाची आहे. नॅन्टकेट बेटावरच्या ओबेद पिंकहॅम नावाच्या सुतारानं मला एका मोडक्या डोलकाठीतून तासून काढलं. लांबून खरी वाटणं, एवढंच माझं काम होतं. ते मी इतकं चोख केलं की एका भल्या माणसाचं गलबत त्यात गेलं. तीच हकिकत मी सांगणार आहे. तिच्यात माझा मोठेपणा काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

'मित्रांनो' म्हणायची सवय मला बेटावरच लागली. आमच्याकडची बहुतेक घरं क्वेकर पंथाची. ते लोक एकमेकांना मित्र म्हणतात आणि सगळ्यांना तू म्हणतात. गव्हर्नर असो की मासे साफ करणारी बाई असो, तूच. अहो-जाहो म्हणजे खुशामत आणि खुशामत म्हणजे खोटं, असा त्यांचा सरळ हिशेब. माणसापुढे ते टोपी काढत नाहीत. शपथही घेत नाहीत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलतो अशी कबुली दिल्यासारखं होतं. शस्त्राला तर हातच लावत नाहीत. अशा लोकांच्या गावात मी तोफ म्हणून जन्माला आले.

ते साल होतं सतराशे त्र्याण्णव. तिकडे युरोपात इंग्रज आणि फ्रेंच यांची जुंपली होती. आमच्या नव्या देशाच्या अध्यक्षांनी जाहीरनामा काढला होता की आपण या भांडणात कुणाच्याच बाजूचे नाही. कुणाच्या वतीनं लढायचं नाही, कुणाला लढायचं सामान पोचवायचं नाही, आपण भले आणि आपला व्यापार भला. बेटावर तो कागद वाचला गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी नुसत्या माना हलवल्या. इंग्रजांपासून सुटायच्या मागच्या लढाईतही आमचं बेट कुणाच्या बाजूचं नव्हतं, आणि त्यापायी दोन्ही बाजूंनी आम्हाला धुऊन नेलं होतं. कुणाचंच नसणं किती अवघड असतं, हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको होतं.

शुबेल पॅडक हा 'पेशन्स' या दोन डोलकाठ्यांच्या गलबताचा कप्तान, आणि मालकही तोच. चाळिशीतला, अबोल, उन्हानं रापलेला माणूस. ते गलबत त्यानं आणि त्याच्या वडिलांनी मिळून उभं केलं होतं, आणि त्यापलीकडे त्याच्याजवळ फारसं काही नव्हतं. त्या हिवाळ्यात खारवलेले मासे, मेणबत्त्या आणि फळ्या भरून तो कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांकडे निघणार होता. त्या समुद्रात दोन्ही राजवटींचे परवाने घेतलेले लुटारू फिरत होते. सरकारी कागद खिशात असला की लुटारूला कुणी लुटारू म्हणत नाही.

मला घडवायची कल्पना निघाली ती जेरेड क्रॉस्बीच्या डोक्यातून. जेरेड हा पेशन्सवरचा दुय्यम अधिकारी, पंचवीस वर्षांचा. तो क्वेकर नव्हता, समोरच्या किनाऱ्यावरून आलेला होता, आणि जिभेला त्याच्या हाड नव्हतं. ओबेदच्या कामाच्या पडवीत ही बोलणी झाली. मी तेव्हा नुसता ओंडका होते, पण ऐकत होते.

"कप्तान, निम्मी जहाजं लाकडी तोफा लावून फिरताहेत," जेरेड म्हणाला. "काळा रंग फासला की लांबून कोण ओळखतंय? तुम्हाला कुठं गोळे झाडायला सांगतोय मी?"

"शस्त्र नाहीच ते," ओबेद म्हणाला. "लाकूड आहे. लाकूड तासणं पाप असेल, तर मी चाळीस वर्षं पापच तासतोय."

शुबेलची बायको केझाया दारात उभी होती. हातातलं विणकाम न थांबवता ती म्हणाली, "शस्त्र नाही, कबूल. मग आहे काय ते, शुबेल?"

शुबेल म्हणाला, "नुसती भीती घालायची. कुणाला इजा नाही होणार."

"म्हणजे खोटं."

"केझाया, गलबतावर अकरा माणसं आहेत."

"मला ठाऊक आहे. तू ठरव. पण ठरवलंस तर ते तुझं असेल, जेरेडचं नाही."

त्यानं ठरवलं. ओबेदनं तासणी उचलली.

आम्ही सहा बहिणी. तीन डाव्या अंगाला, तीन उजव्या. ओबेदनं आमची तोंडं हातभर आतपर्यंत कोरली आणि काजळी घातलेल्या तेलाचे तीन हात दिले. गलबताच्या कुशीवर तोफांसाठी असतात तशा झडपा रंगवल्या. मी डावीकडची तिसरी, स्वयंपाकाच्या खोपटाजवळची. खरं सांगते, मित्रांनो, मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटायचं. काठीची तोफ झाले होते. धक्क्यावरची माणसं थबकून पाहायची आणि मी आणखी काळी दिसायचा प्रयत्न करायची.

समुद्रावर तर माझा रुबाब विचारू नका. निघाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात एक चपळ शिडाचं जहाज आमच्या मागे लागलं. त्यावर झेंडा नव्हता, आणि झेंडा नसलेल्या जहाजाचा हेतू सगळ्यांना कळतो. जेरेडनं आमच्यावरची आच्छादनं काढली आणि दोन माणसांना माझ्यामागे बत्ती द्यायच्या थाटात लांब दांडा घेऊन उभं केलं. ते जहाज जवळ आलं, थोडं रेंगाळलं आणि वळून निघून गेलं. खलाशांनी आमच्या पाठी थोपटल्या. "डावी तिसरी काय डरकाळली," असं जेरेड जेवताना म्हणाला आणि सगळे हसले. शुबेल हसला नाही. तो माझ्याजवळ आला, हात ठेवावा की नाही असा विचार करत उभा राहिला, आणि न ठेवताच गेला. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

फ्रेंचांचं बेट एका दिवसावर आलं असताना इंग्रजांची एक लढाऊ नौका आडवी आली. तिच्या तोफा लोखंडाच्या होत्या. तिच्यापुढे आम्ही कुणाला भिववणार? शुबेलनं शिडं उतरवली. एक तरुण अधिकारी आठ माणसं घेऊन वर आला.

"मी काही शस्त्र बाळगत नाही," शुबेल म्हणाला. "माझे कागद बघ. तुझ्या राजाशी माझं भांडण नाही आणि फ्रेंचांशीही नाही."

"टोपी काढायची पद्धत नाही का तुमच्याकडे? आणि 'तू' कुणाला म्हणता?"

"सगळ्यांनाच म्हणतो. तुझा अपमान नाही त्यात."

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. तो तरातरा चालत माझ्यापाशी आला. "शस्त्र नाही, आणि ह्या सहा काय म्हशी बांधल्यात?" असं म्हणून त्यानं बुटाची लाथ मारली. माझ्यातून लाकडाचा पोकळ आवाज आला. त्यानं वाकून बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. मग तो हसला, त्याची माणसं हसली, आमचा आचारीही हसला. मला वाटलं, सुटलो. हसलेला माणूस सहसा सोडून देतो.

पण तो हसतच म्हणाला, "गलबत बंदरात घ्या. ज्याच्या तोफा खोट्या, त्याचे कागद एकदा नीट पाहायला हवेत."

इंग्रजांच्या त्या बेटाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या कोर्टासमोर आमच्यासारखी कितीतरी गलबतं उभी होती. प्रश्न एकच असायचा, माल खरोखर कुणाच्याच बाजूच्या नसलेल्या देशाचा, की आतून फ्रेंचांचा? पहिला असेल तर गलबत सुटणार. दुसरा असेल तर गलबत, माल, शिडं, सगळं जप्त. शुबेलचे कागद अगदी स्वच्छ होते. मासे आमचे, मेणबत्त्या आमच्या, फळ्याही आमच्या. त्याला फक्त खरं बोलायचं होतं, आणि त्या कामात त्याचा हात कुणी धरला नसता.

पण पुरावा म्हणून मला उचलून कोर्टात आणून ठेवलं होतं.

आधी शपथेचा घोळ झाला. कारकुनानं पवित्र ग्रंथ पुढे केला. शुबेल म्हणाला, "मी शपथ घेत नाही. शपथेवाचून सांगतो तेच खरं आहे." मग सरकारी वकील उठला. गोड बोलणारा माणूस.

"महाराज, हे कागद मी बारकाईनं पाहिले," तो म्हणाला. "शिक्के खरे दिसतात. सह्या खऱ्या दिसतात. पण ही तोफही खरीच दिसत होती. खऱ्यासारखं दिसेल असं काही बनवायचं असलं, तर या मंडळींचा हात कुणी धरणार नाही."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश म्हातारा होता, केसांच्या टोपाखाली त्याला घाम फुटला होता, आणि तो काही दुष्ट नव्हता. त्यानं शुबेलला विचारलं, "तुझ्या पंथात खोटं चालतं का?"

"नाही."

"मग ही काय आहे?"

शुबेलनं माझ्याकडे पाहिलं. "लुटारूंना फसवायला केली," एवढं तो म्हणाला असता तरी चाललं असतं. सगळेच करत होते. पण त्याच्या घरची वळणं निराळी. तो म्हणाला, "खोटं आहे. माझं आहे. मला भीती वाटली म्हणून मी ते गलबतावर घेतलं."

"आणि कागद?"

"कागद खरे आहेत."

"एकाच गलबतावर दोन्ही," न्यायाधीश म्हणाला. "यातलं कुठलं खरं मानायचं, हे मला इथं बसून ठरवता येत नाही." आणि त्यानं लिहायला घेतलं.

पेशन्स जप्त झालं. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मला माझ्या काळ्या रंगाची लाज वाटली. लुटारूंपासून वाचवायला मला ठेवलं होतं, आणि मी त्याला कायद्याच्या हाती दिलं. माझ्या पाच बहिणी भटारखान्याच्या भट्टीत गेल्या. माझी पाळी आली तेव्हा शुबेल कारकुनाला म्हणाला, "ही मला दे. घरी दाखवायची आहे." कारकुनानं खांदे उडवले. बारा वर्षांचं गलबत गेलं त्याला आणि तो ओंडका मागतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

एका परक्या गलबतावरून आम्ही वसंतात घरी पोचलो. केझायानं दार उघडलं, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या माझ्याकडे. 'मी म्हटलं होतं' हे वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "रस्सा गरम आहे. तिला बाहेर ठेव."

क्वेकरांची एक रीत आहे. चूक झाली की ती स्वतःच्या हातानं लिहायची आणि प्रार्थनासभेत उभं राहून सगळ्यांसमोर वाचायची. नाहीतर पंथातून नाव कमी होतं. सभेनं आधी दोन वडीलधारे घरी पाठवले. ते अंगणात माझ्याभोवती फिरले. "खरी असती तर शस्त्र बाळगल्याचा दोष होता," एकजण म्हणाला. "लाकडाची आहे म्हणून खोटेपणाचा. शुबेल, दोन्हीकडून सापडलास की रे तू." पुढच्या पहिल्या दिवशी, म्हणजे तुम्ही ज्याला रविवार म्हणता त्या दिवशी, शुबेलनं कागद वाचला. सभेनं तो मान्य केला. तिथं प्रकरण मिटलं.

गावात मात्र मिटलं नाही. गलबत गेलेल्या कप्तानाला दुसरं गलबत कोण देणार? शुबेलनं वेगळं काम धरलं. आमच्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, पाण्याखाली दडलेला. वारा आणि भरती बघून त्याच्यावर पाणी कमीजास्त होतं, आणि चुकीच्या वेळी गेलेलं गलबत तिथं बसतं ते उठतच नाही. शुबेल रोज होडीतून जाई, दोरीला बांधलेलं शिसं सोडून खोली मोजी आणि धक्क्यावर येऊन सांगे. त्याच्याइतकं नेमकं मोजणारा बेटावर दुसरा नव्हता. पण तो "साडेआठ" म्हणाला की कुणीतरी विचारायचंच, "खरे फूट की लाकडी?" आणि मग ऐकणारा कप्तान दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायचा. लोक त्याला 'लाकडी पॅडक' म्हणत. त्यांच्या मनात आकस नव्हता, गंमत होती. तीस वर्षं चाललेली गंमत ऐकणाऱ्याला कशी लागते, हे गंमत करणाऱ्याला कळत नाही. परक्या कोर्टानं आपला शब्द मानला नाही हे शुबेलनं सोसलं. आपल्या धक्क्यावर तो कुणी मानत नाही, हे त्याला आतून खात होतं.

माझंही तसंच झालं म्हणा. अंगणात माझ्या एका टोकाला कपड्यांची दोरी बांधली गेली. तोंडात एका कोंबडीनं तीन उन्हाळे अंडी घातली. खाऱ्या वाऱ्यानं काळा रंग पापुद्र्यांनी निघून गेला आणि आतलं करडं लाकूड उघडं पडलं. ओबेद वारला. मी आहे हे घरचे विसरून गेले.

मग अठराशे तेवीसच्या डिसेंबरात किनाऱ्यावरून आलेल्या होडीनं वर्तमानपत्र आणलं. जेरेड आता पंचावन्नचा झाला होता, दोरखंड विकत होता, जीभ तशीच होती. तो अंगणातच ते वाचू लागला. नव्या अध्यक्षांनी युरोपातल्या राजांना बजावलं होतं. या खंडावर आता नव्या वसाहती करायच्या नाहीत. जुन्या आहेत त्यांना आम्ही हात लावत नाही. तुमच्या भांडणात आम्ही पडत नाही, तुम्ही आमच्या दारात येऊ नका.

"अखेर बोललं कुणीतरी," जेरेड म्हणाला. "तोंडावर बोललं. कप्तान, ही तोफ द्या मला. नवा काळा रंग देऊ आणि धक्क्यावर ठेवू, तोंड समुद्राकडे. येणाऱ्या इंग्रजाला कळू दे."

"वसाहती नकोत म्हणे," कपडे वाळत घालता घालता केझाया म्हणाली. "आपले आजे-पणजे या बेटावर उतरले, तेव्हा इथल्या लोकांनी कुठल्या वर्तमानपत्रात छापायला हवं होतं?"

"बाई, तुम्ही विषय कुठून कुठं नेता."

"नेत नाही. तिथंच आहे तो."

शुबेलनं विचारलं, "जेरेड, आपल्याकडे लढाऊ नौका किती?"

"आहेत थोड्या."

"आणि त्या राजांकडे?"

जेरेडनं वर्तमानपत्राची घडी घातली.

"म्हणजे अध्यक्षांनीही लाकडाचीच तोफ लावली," शुबेल म्हणाला. "मी बोलण्याला नावं ठेवत नाही. ज्याचं घर त्यानं सांभाळावं, हे बरोबरच आहे. कुणी विचारलं तर आपली ताकद किती ते खरं सांगावं, एवढंच. मी कोर्टात उभा राहिलोय जेरेड, तू नाहीस. तोफ घेऊन जा तू. पण रंग द्यायचा नाही."

"रंगाशिवाय ती ओंडका दिसेल."

"ओंडकाच आहे."

तर अशी मी धक्क्यावर आले, करडी, भेगाळलेली. पुढच्या वसंतात उत्तरेच्या हॅलिफॅक्स बंदरातून निघालेलं एक इंग्रजी गलबत वादळात शीड फाटून आमच्याकडे शिरलं. चार दिवसांत डागडुजी झाली. कप्तान मॅकलीश नावाचा रुंद खांद्यांचा माणूस होता, बायको आणि तान्हं मूल त्याच्याबरोबर गलबतावरच होतं. त्याला लगेचच्या भरतीला निघायचं होतं, आणि त्याच्या गलबताला नऊ फूट पाणी लागत होतं.

शुबेल होडीतून आला, सत्तरीतला, भिजलेला. "साडेनऊ आहे," तो म्हणाला. "अर्धा तास टिकेल. मग उतरेल."

"खरे फूट की लाकडी?" जेरेडच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि धक्का हसला.

मॅकलीश गोंधळला. बायको-मुलाचा जीव पणाला लावून निघालेल्या माणसाला असल्या हशाचा अर्थ कळायलाच हवा. "हे का हसताहेत?" त्यानं विचारलं.

 शुबेलच पुढे झाला. माझ्यावर हात ठेवून, तीस वर्षांत पहिल्यांदा, त्यानं त्याला सगळं सांगितलं. काळा रंग, लुटारू, तुझ्याच देशाचं कोर्ट, गेलेलं गलबत. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. भ्यालो होतो, हेही सांगितलं.

मॅकलीशनं माझ्या भेगांवरून बोटं फिरवली. "आता रंग का नाही दिला?"

"दिला असता तर तू फसला असतास."

मॅकलीशनं एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे. त्यानं दुसऱ्या कुणालाही काही विचारलं नाही. "पाणी किती म्हणालात, काका?"

"साडेनऊ."

"नांगर उचला," तो आपल्या माणसांना म्हणाला.

गलबत बांधावरून पार होऊन खोल पाण्याला लागेपर्यंत शुबेल माझ्यापाशी उभा होता.  तोपर्यंत जेरेडही तिथून हलला नाही. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. क्वेकरापुढे टोपी काढलेली चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शुबेलनं ते चालवून घेतलं. 'खरे फूट की लाकडी' हा प्रश्न त्या धक्क्यावर नंतर कुणी विचारला नाही.

मित्रांनो, मी अजून तिथंच आहे. वाळवी लागली आहे, होड्यांचे दोर माझ्या मानेला बांधतात. जमलं तर वर्षातून एकदा मला तेलाचा हात द्या, लाकडाला बरं असतं. भेगा बुजवल्यात तरी मी नको म्हणणार नाही. काळा रंग मात्र देऊ नका. माझ्या माणसाला तो स्वतःच्या नावावरून धुऊन काढायला तीस वर्षं लागली.